बुरशीवाले सर

आमच्या सरांना राग येत नसे. एखादी गोष्ट यायची, तर आधी ती कुठंतरी गेलेली असावी लागते. सरांचा राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामाला होता. सकाळी त्यांच्याबरोबर उठायचा, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून देवासच्या आमच्या कॉलेजात यायचा आणि रसायनशास्त्र विभागाचं कुलूप उघडायच्या आधीच कुणावर तरी निघायचा. पुष्कळदा माझ्यावर. एक तर मी जवळ असे, आणि दुसरं म्हणजे कारणं पुरवण्यात मी कधी हयगय केली नाही.

या रागाच्या तीन भाषा होत्या. साहेब लोकांवर हिंदी. स्वतःवर माळवी, हातून काचेची नळी फुटली की 'थारे कई हुयो रे डोकरा', म्हणजे तुला झालंय काय म्हाताऱ्या, असं स्वतःलाच झापत बसायचे. आणि आम्हा मराठी माणसांवर पणजोबांच्या काळचं मराठी. सरांचं घराणं संस्थानात अंमलदारी करायला महाराष्ट्रातून आलेलं, पुढे एका लहानशा देवळाची पूजाअर्चा त्यांच्याकडे राहिली. त्यांच्या घरात अजून 'तुम्हांस' आणि 'जेवावयास' चालतं. माझं मराठी हिंदी शाळेत वाढलेलं, मी 'नहाऊन' कॉलेजला येणारा माणूस. सर म्हणायचे, 'आपण जें आत्तां केलेंत त्यास बुद्धीचा लवलेश नाहीं.' त्यातले निम्मे शब्द मला कळत नसत. अपमान पूर्ण कळे.

मला ते 'सरदार' म्हणत. आमचे पूर्वज दरबारात होते. नेमके काय होते हे घरात कुणी सांगत नाही, त्यावरून फार मोठे काही नसावेत.

लोकांना वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे. होतेच. कुणाच्याही घरी गेले आणि पुढे पाण्याचा पेला आला की आधी विचारायचे, 'पाणी कुणाचें?' एका लग्नात मुलीच्या बापाला त्याचा भलताच अर्थ लागला. बिचारा हात जोडून आपलं कुळ सांगायला लागला. सर त्याच्यावरच उखडले. 'अहो, बोरिंगचें कीं विहिरीचें तें विचारतों आहें! तुमच्या कुळाचें मी काय करूं? तें काय गाळून घ्यायचें आहे?' मांडवातली माणसं जेवायची थांबली. मी पंगतीत त्यांच्या शेजारी बसून जिलबीत तोंड लपवलं. जिलबीत फार काही लपत नाही.

मी नव्यानं विभागात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी मला मंडईत पाठवलं. कांदे आणायचे. सडके. ज्यांच्यावर काळी भुकटी धरलेली असते, बोटाला काजळी लागते, ते. मी गेलो. पण माझ्या आईनं मला लहानपणापासून कांदा दाबून, हलवून, देठ बघून घ्यायला शिकवलेलं. हाताला सवयच ती. व्यापाऱ्यानं सडक्यांचा ढीग दाखवला तरी माझे हात त्यातले जरा बरे तेवढेच उचलत होते. तो म्हणाला, 'भिया, सड़ा माँग रहे हो और छाँट भी रहे हो, तबीयत ठीक है ना?' शिवाय मी भावही केला. परत येऊन मोठ्या अभिमानानं पिशवी टेबलावर रिकामी केली. लालबुंद, गोटीसारखे कांदे.

सरांनी एकेक कांदा उचलून पाहिला. मग चष्मा काढला. 'सरदार, तुम्हांस सडका कांदाही निवडतां येत नाहीं?'

दुसऱ्या दिवशी स्वतः गेले आणि नाक धरून पाहावे असे कांदे घेऊन आले. त्या काजळीतून त्यांनी आपली बुरशी धरली.

ही बुरशी सरांच्या आयुष्याचा उत्तरार्ध होती. काम समजायला सोपं आहे; मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच. गुळाच्या पाण्यात ही बुरशी सोडायची. वर पांढरी साय धरते. साय काळी पडायच्या आत काढायची, कॉस्टिक सोड्यात उकळून मारायची, धुवायची, पुन्हा धुवायची, इतकी धुवायची की सरांचं समाधान होईल, म्हणजे कधीच नाही. मग वाळवून, कुटून, लोखंडाच्या क्षारात भिजवून परत वाळवायची. गंजाच्या रंगाचे दाणे तयार होतात. ज्या पाण्यात आर्सेनिक आहे ते पाणी या दाण्यांतून सावकाश उतरलं की आर्सेनिक दाण्यांना धरून बसतं आणि पाणी पुढे जातं. आर्सेनिकला सर 'सोमल' म्हणत. जुन्या वैद्यांचा शब्द. म्हणायचे, 'आर्सेनिक म्हटलें कीं परीक्षेंतला प्रश्न वाटतो. सोमल म्हणा. सोमल म्हटलें कीं माणूस मरतो हें कळतें.'

कॉलेजात ट्रे ठेवायला जागा मिळेना. वासाच्या तक्रारी. तेव्हा सरांनी ते ट्रे आपल्या देवळाच्या कोठीत नेऊन मांडले. थंड, ओलसर, अंधारी खोली. बुरशीला याहून चांगलं सासर मिळणार नव्हतं. नैवेद्याचा उरलेला गूळही तिथंच मिळायचा. पण त्या देवळात कांद्याला बंदी. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सोवळ्याच्या कडक. त्यांना कुणीतरी सांगितलं, की देवाच्या कोठीत वाढतंय ते कांद्याचं पोर आहे. मी नव्हे. असं मी अजूनही म्हणतो.

काकूंनी दोन दिवस सरांशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः कोठीत गेल्या, ट्रेवरची ती पांढरी, मऊ, दुलईसारखी साय बघितली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, 'हिला कॉस्टिकमध्ये उकळतां नं? मग शुद्धच जाहली. पण हे तुमचे सरदार आंत येतांना पाय धूत नाहीत, तेवढें बघा.' प्रकरण माझ्या पायांवर मिटलं.

सगळं हसण्यावारी नेतो आहे मी, पण हे सगळं ज्या कारणानं चाललं होतं ते सांगतो आणि मग हसणं जरा बाजूला ठेवतो.

सरांचा एक जुना विद्यार्थी धार जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, डहीच्या पुढे एका पाड्यावर मास्तर होता. त्यानं एका बाटलीत हातपंपाचं पाणी पाठवलं आणि सोबत फोनवरून एक फोटो. तळहातांचा. केसरबाई नावाच्या बाईचे तळहात. त्यांवर चामखिळीसारख्या कडक गाठी, आणि मनगटाच्या वर काळेपांढरे ठिपके, धुळीत पावसाचे चार थेंब पडून वाळावेत तसे. सरांनी पाणी तपासलं. तपासणीचा कागद पांढरा असतो. सोमल असला की पिवळा होतो, जास्त असला की तपकिरी. हा कागद चॉकलेटी झाला. सरांनी परत तपासलं. मग मला तपासायला लावलं. माझ्या हातून तरी चुकेल, अशी आशा असावी. मीही तेव्हा नेमका चुकलो नाही.

आम्ही तिकडं गेलो तेव्हा पंप आधीच लाल रंगवलेला होता. कुणीतरी केव्हातरी येऊन गेलं होतं. लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नका. ठीक. मग कुठलं प्यायचं? ते सांगायला कुणी थांबलं नव्हतं. पाड्यात दुसरा पंप नाही. नाला होळीनंतर आटतो. रंगाचा डबा आला, ब्रश आला, फोटो निघाला, गाडी गेली. माणसाच्या घराला आग लागली असताना दारावर 'येथे आग आहे' असं लिहून जाणाऱ्यांना काय म्हणायचं? सरांनी त्या दिवशी जे म्हटलं ते तिन्ही भाषांत होतं आणि छापण्याजोगं एकाही भाषेत नव्हतं.

आणि त्यात वर ती दाळ.

पाण्याची परीक्षा आपल्याकडे दाळीवर होते. दाळ लवकर गळली, म्हणजे शिजून मऊ झाली, तर पाणी चांगलं. या पंपाच्या पाण्यात तुरीची दाळ अशी गळायची की आसपासच्या पाड्यांतल्या लग्नांना लोक इथून पाणी न्यायचे. चवीला गोड, साबणाला भरपूर फेस, दाळ लोण्यासारखी. विषाला ना रंग, ना वास. लाल रंग लोकांनी दगडानं खरवडून काढला होता, आणि मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

सरांनी पहिला फिल्टर बसवला. निळा ड्रम, खाली खडी, वर वाळू, मध्ये बुरशीचे दाणे, वर पुन्हा वाळू. कागद पांढरा राहिला. सर इतके खूश झाले की परतीच्या बसमध्ये मला फक्त एकदाच मूर्ख म्हणाले. महिन्याभरानं मास्तरचा फोन: फिल्टरला कुणी हात लावत नाही, पोरं त्यावर चढून खेळतात. सर पेटले. तसेच डहीला गेले. पंपाच्या ओट्यावर उभं राहून केसरबाईंवर बरसले, की मी तुमच्यासाठी जीव टाकतो आणि तुम्हाला जीव नको आहे.

केसरबाईंनी पदर खोचला. 'सर, जीव चइये। पर तुमारे पानी में दाल पत्थर रहती है। लकड़ी कित्ती जलाऊँ?'

सर माझ्याकडे वळले. ते का वळले ते मला वळायच्या आधीच कळलं होतं. तळाची खडी मी आणली होती. नदीतली गोटी आणायची होती. मी देवासच्या एका टाइल्सच्या दुकानातून संगमरवराचे पांढरेशुभ्र तुकडे उचलून आणले, म्हटलं, जरा देखणं दिसेल. दाण्यांमध्ये थोडा आंबटपणा राहतो, तो संगमरवराला खातो, आणि पाणी जड होतं. जड पाण्यात दाळ गळत नाही. म्हणजे सोमल काढला सरांनी आणि दाळ बिघडवली मी.

त्यानंतर आमच्या विभागात एक नवी पद्धत सुरू झाली. प्रत्येक नव्या मालाच्या दोन परीक्षा. एक कागदाची, एक कुकरची. प्रयोगशाळेत गॅसच्या बर्नरवर तुरीची दाळ शिजायची. पोरं म्हणायची, केमिस्ट्रीत आता जेवणही मिळतं. एकदा मला राहवलं नाही, मी त्यात जिरं-हिंगाची फोडणी घातली. सरांनी मला व्हरांड्यात उभं करून विचारलं, की हिंग पाण्यात काय करतो याचा अभ्यास मी केव्हा केला. दाळ मात्र त्यांनी खाल्ली.

वापरून झालेल्या मालाबद्दल त्यांचा कायदा आणखी कडक. विष धरून बसलेले दाणे फेकायचे नाहीत. सिमेंटमध्ये कालवून त्यांच्या विटा पाडायच्या आणि कुलपात ठेवायच्या. आता हे दाणे दिसतात अगदी खतासारखे. तेव्हा कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती आणि प्राचार्यांनी मला गुलाबांचा वाफा सजवायला सांगितला होता. पोत्यातलं ते तपकिरी, भुसभुशीत, मायाळू दिसणारं काहीतरी मी वाफ्यात पसरलं. समितीची गाडी फाटकातून आत शिरत होती तेव्हा सर गुडघ्यावर बसून खुरप्यानं गुलाबं मुळासकट उपटत होते. प्राचार्य धावत आले. 'सर, ये क्या कर रहे हैं, आज के दिन!' सर मान वर न करता म्हणाले, 'आपके गुलाब ज़हर पी रहे हैं. आप भी बैठ जाइए, एक खुरपा और है.' समितीनं अहवालात 'शिक्षकांचा पर्यावरणप्रेमी सहभाग' असं काहीतरी चांगलं लिहिलं म्हणतात.

पण मला सांगायचंय ते प्रदर्शनाचं. ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात, आणि मी तसा थंड माणूस आहे.

नदीच्या गोट्या घातल्यावर पाड्यात फिल्टर चालायला लागला होता. दाळ गळत होती. सकाळी बायका रांगेत हंडे लावायच्या. केसरबाईंच्या हातावरच्या गाठी गेल्या नव्हत्या, पण नव्या आल्या नव्हत्या. आणि तेवढ्यात धारला नवनव्या कल्पनांचं एक मोठं प्रदर्शन भरलं. प्राचार्यांना वाटलं, आपल्या कॉलेजचा ड्रम तिथं असायला हवा. नवा ड्रम बनवायला वेळ होता, माल होता, सर होते. पण नवा ड्रम नवा दिसतो. त्यांना 'प्रत्यक्ष वापरातला' हवा होता. कॉलेजची जीप गेली आणि पाड्यातला फिल्टर उपटून घेऊन आली. सर तेव्हा तापानं घरी पडलेले. मला कुणी विचारलं नाही. मला कुणी विचारावं असा माझा लौकिकच नव्हता.

सर उठले, मास्तरचा फोन आला, आणि सर पांढरे पडले. शर्टाची बटणं चुकीची लावून मला घेऊन धारच्या बसमध्ये बसले. सरांना रस्ताभर गप्प मी पहिल्यांदा पाहिलं, आणि शिव्या बऱ्या होत्या असं वाटलं.

मोठा मांडव. गालिचे. एका टेबलावर लाल सॅटिनची झालर लावून आमचा ड्रम ठेवलेला, शेजारी सरांचा मोठा फोटो, वरून पाणी पडतंय, खालून निघतंय, दिव्यांत चमकतंय. लोक मोबाइलनं फोटो काढताहेत. सरांनी तिथल्या तरुण अधिकाऱ्याला विचारलं, 'ये पानी कहाँ का है?'

'सर, आर.ओ. का जार मँगवाया है. चमकता अच्छा है.'

सरांनी ड्रमवर हात ठेवला. 'यानी साफ़ पानी को आप साफ़ करके दिखा रहे हैं.'

'डेमो है ना, सर.'

'और जहाँ से ये लाए हो, वहाँ लोग क्या पी रहे हैं?'

तो पोरगा वाईट नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या कागदावर ड्रम होता, पाडा नव्हता. तो म्हणाला, इनाम परवा आहे, त्यानंतर न्या. आता नोंद झाली आहे, ड्रम फाटकाबाहेर जाऊ देता येणार नाही. सर त्याच्या साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे. सर म्हणाले, 'दोन दिन आप पी लीजिए, मैं मँगवा देता हूँ.' साहेबानं हसून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. थोपटलं! साठी ओलांडलेल्या माणसाला, ज्यानं सडक्या कांद्यातून पाणी निर्मळ करायची वाट काढली, त्याला लहान पोरासारखं थोपटलं, आणि पुढच्या स्टॉलवर सौरचुलीवरची खिचडी खायला गेला.

सर ड्रमपाशी परत आले. मला वाटलं, आता ते ओरडणार आणि मांडव कोसळणार. ते हळू आवाजात म्हणाले, 'सरदार, झांकण काढा.'

नोंद ड्रमची होती. आतल्या मालाची कुठंच नव्हती. आम्ही टेबलाआड बसलो आणि हातांनी आतला माल उपसला. वाळू, गोट्या, दाणे, सगळं. भरायला काही नव्हतं, म्हणून मी टेबलाची सॅटिनची झालर ओढली. माझ्या आयुष्यातली ती एकमेव चोरी जी मी पुन्हा करीन. पाण्याची नळी सरांनी होती तशी ठेवली. वरून पाणी पडत होतं, रिकाम्या ड्रममधून खाली येत होतं, आणि आधीपेक्षा जास्त चमकत होतं. लोक फोटो काढतच होते.

लाल सॅटिनचं गळतं गाठोडं घेऊन आम्ही डहीच्या वाटेवरच्या कुक्षीच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरनं विचारलं, हे काय? सरांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, 'मामाजी के फूल हैं, नर्मदाजी ले जा रहे हैं.' अस्थी म्हटल्यावर त्यानं टोपी काढली, पुढची सीट रिकामी करून दिली आणि शेजारी उभा राहून विचारत बसला, की मामाजींना काय झालं होतं. कुक्षीपर्यंत मला मामाजींचा एक लांबलचक आजार रचावा लागला. डॉक्टर बदलले, इंदूरला नेलं, मधे एकदा बरंही वाटलं. सर खिडकीबाहेर बघत होते. अखेर कंडक्टरनं विचारलं, 'आखिर में हुआ क्या था?' तेव्हा सरच म्हणाले, 'पानी ख़राब था.' आणि परत खिडकीकडे वळले.

पाड्यात पोचलो तर बायका त्या पंपावर. खरवडलेल्या लाल पंपावर, हंडे, पोरं, सगळं पहिल्यासारखं. मग सरांच्या रागाचा बांध फुटला. पण ज्यांच्यावर चिडायला हवं होतं ते धारला खिचडी खात होते, आणि समोर होत्या केसरबाई.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'हम पे काए चिल्ला रहे हो, सर? गाड़ी पे तुमारे कालेज का नाम था. बोले, गाँव का नाम होएगा, इनाम मिलेगा. हमने तो हार भी पैनाया था ड्रम को.'

सरांनी हात जोडले. म्हणाले, 'बराबर है, बाई. चिल्लाने की जगह ग़लत थी.' मी त्यांना कुणापुढे माघार घेताना पाहिलं ते तेवढंच.

ड्रम शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी एका शेतकऱ्याकडून मोठा, मजबूत, झाकणाचा ड्रम मिरवत आणला. सरांनी त्यावरचं अर्धवट फाटलेलं लेबल वाचलं: कीटकनाशक. शेवटी केसरबाईंनी आपल्या घरातले तीन मोठे माठ दिले. देवावर संततधारेच्या अभिषेकाचं भांडं असतं ना, तळाशी बारीक भोक आणि त्यात सुताची वात, तसं सरांनी माठांना केलं आणि एकावर एक रचले. पूजा करणाऱ्या घरातल्या माणसाला पाणी थेंबाथेंबानं कसं सोडायचं हे शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन. पहिलं बक्षीस. रिकाम्या ड्रमला. परीक्षकांनी पाण्याच्या 'काचेसारख्या निर्मळतेचं' खास कौतुक केलं होतं. तो ड्रम आता कॉलेजच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात आहे, हार घातलेला. खाली सरांचं नाव आहे. आत अजून काही नाही. प्रत्येक नव्या पाहुण्याला तो दाखवतात आणि मी तिथून जाताना दरवेळी दुसरीकडे बघतो, कारण बघितलं तर दगड मारावासा वाटतो, आणि माझा नेम असा की फुटेल ते शेजारचं कपाट.

सर निवृत्त झाले. गुडघे गेले. लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. माल बनवायचं आणि बदलायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे काम किती अडचणीत आलं हे तुम्ही समजा. कोठीतले ट्रे काकूंच्या भाच्यानं ठेवू दिले आहेत. मी पाय धुऊन जातो. पाड्यात आता नळ आला आहे. सिमेंटच्या खांबावर, चकचकीत तोटीचा. उद्घाटनाला पाणी आलं होतं, टँकरनं. त्यानंतर आलं नाही. त्या खांबाला शेळी बांधतात. कागदोपत्री पाडा 'नळ-सुविधायुक्त' झाला, म्हणून दुसरं काही मागायची सोय उरली नाही. याला काय म्हणायचं ते सर इथं असते तर त्यांनी सांगितलं असतं. मला तेवढी भाषा येत नाही.

गेल्या वेळी माल बदलायला गेलो तेव्हा ऐन कामात सरांचा फोन आला. माझे हात चिखलात, म्हणून केसरबाईंनी तो स्पीकरवर लावून दगडावर ठेवला. पुण्याहून आवाज पाड्यावर घुमला. वात किती जाड घातलीत? दाणे किती वेळां धुतलेत? खोटें सांगूं नका, तुमच्या आवाजावरून कळतें. गोटी नदीचीच ना? कीं पुन्हां कुठल्या टाइलवाल्याचें घर भरलेंत? बायका हंडे टेकवून बसल्या होत्या. त्यांना एक शब्द कळत नव्हता आणि त्यांना भलतीच मजा येत होती. नवीन माल भरला की आधी थोडा वेळ गढूळ, गंजाच्या रंगाचं पाणी उतरतं, ते फेकून द्यायचं असतं. ते चहासारखं गळत होतं आणि सर पुण्यात बसून माझ्या सात पिढ्यांच्या दरबारी सेवेचा हिशोब काढत होते.

मी म्हणालो, 'बाई, फोन बंद करा, यांचं संपायचं नाही.'

'चिल्लाने दो,' केसरबाई म्हणाल्या. 'अब्बी पानी पतला हो रिया है.'

पाणी हळूहळू फिकं झालं. मी कागद बुडवला. थांबलो. पांढरा. केसरबाईंनी उठून आपला पितळी हंडा खाली सरकवला आणि रिकाम्या हंड्याच्या तळावर पहिली धार पडली, टणटण वाजली.

फोनमधून आवाज येईनासा झाला. मला वाटलं, रेंज गेली. डहीच्या पुढे ती जातेच.

'सर? ऐकू येतंय का, सर?'

'गप्प बसा, सरदार,' सर म्हणाले. 'ऐकूं द्या.'